शिअररला दोष कशाला?

कोळसा कापणाऱ्या यंत्रांशी नांदेड-लातूरचे काय देणेघेणे, असे विचारणाऱ्याने नकाशा उघडावा. लातूरची मांजरा कंदकुर्तीपाशी गोदावरीला मिळते आणि तीच गोदावरी पुढे सिंगरेणीच्या कोळसा खाणींजवळून, गोदावरीखनीवरून वाहते. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत एकाच निजामी राज्यात होता.

भूमिगत यंत्रे भारतात फसली, आता खुल्या खाणीच बऱ्या, असे हल्ली ठासून सांगितले जाते. दाखला देतात तो छत्तीसगडमधल्या चरचा खाणीचा. तिथे १९९० मध्ये छत कोसळून लाँगवॉल या यांत्रिक कापणी पद्धतीचे हायड्रॉलिक आधार चिरडले गेले, हे खरेच. पण वरचा कठीण खडक लवकर तुटेना, आणि तुटला तो एकदम. तो भार पेलायला आधार अपुरे पडले. आधारांची निवड चुकली आणि बदनाम झाले यंत्र!

मुळात हे यंत्र, म्हणजे शिअरर, करते काय? पोलादी दातांचे दोन ड्रम फिरत कोळशाची भिंत तासतात, पाण्याचे फवारे धूळ दाबतात, कोळसा थेट साखळीच्या पट्ट्यावर पडतो. कामगार आधारांच्या छायेत उभा असतो. आधार पुढे सरकले की मागचे छत मुद्दाम कोसळू देतात. जुन्या पद्धतीत सुरुंग उडायचा आणि नुकत्याच हादरलेल्या छताखाली माणूस फावडे घेऊन शिरायचा. त्या कामाचे गोडवे गाणाऱ्यांनी ते एक पाळी करून पाहावे.

यंत्र मजुराच्या पोटावर पाय देते म्हणावे, तर खुल्या खाणीत तरी फावडेवाला कुठे उरला आहे? तिथे शॉव्हेल आणि डंपर आहेत. शिवाय शेते जातात. वणी-चंद्रपूरकडचे मातीचे डोंगर पाहून या. लाँगवॉलनेही वरची जमीन खचते, नाही असे नाही. पण अख्खे शिवार उकरावे लागत नाही.

सिंगरेणीने १९८३ मध्ये लाँगवॉल सुरू केली, २०१४ मध्ये आपल्या अड्रियाला खाणीत ताकदवान संच आणला. त्याच अड्रियालात मार्च २०२२ मध्ये छत कोसळून तिघे गेले, त्यांत खाणीचे अधिकारीही होते. म्हणून मागणी यंत्र हटवण्याची नको. छताच्या खडकाची तपासणी खरेदीआधी व्हावी, त्याच्या हालचालीच्या नोंदी कामगारांसमोर लागाव्यात, आणि धोका दिसताच काम थांबवण्याचा अधिकार पाळीवरच्या माणसाला लेखी मिळावा.