हळू धावा, नाहीतर लवकर थांबाल



सावंतवाडीत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे मोती तलावावर एकदा येऊन बघा. राजवाड्यासमोरच्या रस्त्यावर नवे कोरे बूट, नवे टी-शर्ट, हातात घड्याळ. सगळे सुसाट! तिसऱ्या आठवड्यात पुन्हा या. निम्मे बूट घरी गेलेले असतात. उरतात ते कोण? नेहमीचे काका-काकू आणि आपल्याच तंद्रीत हळूहळू धावणारे दोन-चार जण.

हेच चित्र मला माझ्या उद्योजकता वर्गातही दिसतं. पहिल्या दिवशी जो सगळ्यात मोठ्या आवाजात ‘सर, वर्षभरात तीन शाखा’ म्हणतो, त्याचा फोन सहाव्या महिन्यात बंद लागतो. म्हणून आज व्यवसायाआधी धावण्याबद्दल बोलणार आहे. माझं मत सरळ आहे: लांब पल्ल्याचं धावणं शिकायचं असेल, तर आधी हळू धावायला शिका. आणि ज्याला हळू धावणं जमत नाही, त्याने मोठं कर्ज काढण्याआधी दोनदा विचार करावा.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. दोन्हीकडे तोंडावर आपटलोय, म्हणून सांगतोय.

माझं पहिलं दुकान कोकणी मेव्याचं. काजू, कोकम सरबत, खाजा, आंबावडी. पहिला मे महिना झकास गेला. मला वाटलं, आपल्याला धंदा कळला. आठ महिन्यांत महामार्गालगत दुसरं दुकान घेतलं, कर्ज काढून. मग पावसाळा आला. पर्यटक नाही, गिऱ्हाईक नाही, पण भाडं आणि हप्ता मात्र दर महिन्याला हजर. वर्षाच्या आत दोन्ही दुकानांची शटर खाली आली. चूक माझीच होती, दुसऱ्या कुणाची नाही.

त्यानंतर डोकं शांत करायला धावायला लागलो, वय ४१. आणि तिथेही तेच केलं! पहिल्याच दिवशी जीव तोडून धावलो. धापा टाकत कठड्यावर बसलो, तर रोज चालायला येणारे एक आजोबा शेजारी थांबले आणि म्हणाले, ‘‘झिला, तळा खंय पळान जाणा नाय. जरा दमान.’’ मी हसलो, ऐकलं नाही. तिसऱ्या आठवड्यात नडगी इतकी दुखायला लागली की जिना उतरता येईना. सहा आठवडे घरी.

असं का होतं? शरीराचं साधं गणित आहे. धावायला लागलात की दम थोड्याच आठवड्यांत सुधारतो. पण हाडं, सांधे आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे बळकट व्हायला महिने लागतात. म्हणजे इंजिन तयार, चाकं कच्ची. दम आहे म्हणून माणूस जोर लावतो आणि नडगी, गुडघा, टाच यांपैकी काहीतरी दगा देतं. धंद्यातही विक्री आधी वाढते. हिशेब ठेवायची सवय, विश्वासू माणसं, हाताशी शिल्लक हे सगळं मागाहून येतं. त्या मधल्या काळात जो वेग वाढवतो, तो माझ्यासारखा अडकतो.

मग हळू म्हणजे किती हळू? घड्याळ नको, तोंड वापरा. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य अर्ध्यावर तुटतंय? वेग कमी करा. लाज वाटू द्या, पण कमी करा. या वेगाने नियमित धावलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं आणि शरीर चरबीचा इंधन म्हणून जास्त चांगला वापर करायला लागतं. बाहेरून काहीच दिसत नाही. आत पाया भरला जात असतो.

हा विचार जगापुढे ठामपणे मांडला तो न्यूझीलंडच्या आर्थर लिडियर्ड यांनी. हे काही मोठ्या विद्यापीठातले शास्त्रज्ञ नव्हते. बुटांच्या कारखान्यात काम करायचे, जोडीला दूध टाकायची फेरी. स्वतःवर प्रयोग करत त्यांनी पद्धत बसवली: आधी काही महिने न दमवणारं, भरपूर अंतर आणि मगच वेग. फक्त ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललाही ते आठवड्याला १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर धावायला लावत. लोकांना हा वेडेपणा वाटायचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हालबर्गने ५,००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं.

पुढची गोष्ट तुम्हा उद्योजकांसाठी. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन लिडियर्ड यांच्याकडे गेले. सामान्य लोकांच्या धावण्याच्या गटाबरोबर निघाले आणि थोड्या वेळात मागे पडले. त्यांना सोबत द्यायला थांबले ते सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले एक गृहस्थ! बॉवरमन परत गेले ते सामान्य माणसाने सावकाश धावण्याचं वेड घेऊनच. १९६४ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यासोबत, फिल नाइट यांच्यासोबत, बूट विकायची छोटी कंपनी काढली. तीच पुढे नाइकी झाली. प्रत्येक गावात एक आजोबा असतातच. आपण ऐकतो का, हा प्रश्न आहे.

आता कामाचं बोलू. सुरुवात कशी करायची?

आधी डॉक्टर. चाळिशी पार असेल, मधुमेह, रक्तदाब, छातीचा त्रास किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर तपासणी करूनच बूट घाला.

मग आठवड्यातून तीनच दिवस. मंगळवार, गुरुवार, रविवार. पहिल्या महिन्यात २ मिनिटं धावायचं, २ मिनिटं चालायचं, असं अर्धा तास. हळूहळू चालणं कमी करत तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सलग अर्धा तास धावता आलं तरी पुष्कळ झालं.

त्यानंतर फक्त रविवारची धाव वाढवा. ५ किलोमीटरपासून दर आठवड्याला १ किलोमीटर. पण प्रत्येक चौथ्या आठवड्याला मागे या: ५, ६, ७ आणि मग पुन्हा ५. नंतर ८, ९, १० आणि मग ७. या हिशेबाने १८ किलोमीटरला पोहोचायला १८ आठवडे लागतात. तिथून २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन आवाक्यात येते. तो मागे येण्याचा आठवडा लोक गाळतात. गाळू नका. शरीर विश्रांतीतच बांधलं जातं.

आपल्या कोकणातल्या दोन गोष्टी. एक, इथली हवा दमट. घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. म्हणून उजाडायच्या वेळी धावा आणि एप्रिल-मेमध्ये वेग आणखी कमी करा. दोन, आंबोली घाटाचा मोह आवरा. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे. पहिल्या वर्षी तिकडे गाडीने जा, भजी खा आणि परत या. घाटच चढायचा असेल तर साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते आहे. पाया झाल्यावर तिकडे बघा.

पल्ला वाढला की आणखी एक हिशेब कळतो. शरीरात साखरेचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे ढोबळ २,००० कॅलरी. धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १ कॅलरी जाते. ७० किलोच्या माणसाला किलोमीटरला ७० कॅलरी. भागाकार करा: तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तिजोरी रिकामी. मॅरेथॉन आहे ४२.१९५ किलोमीटरची! पाय शिशासारखे जड होतात. धावपटू याला ‘भिंत लागली’ म्हणतात. जो सुरुवातीला जोरात सुटतो तो ही साखर लवकर उडवतो. जो सावकाश निघतो तो सोबत चरबी जाळत साखर पुरवून वापरतो आणि वाटेत थोडं थोडं खातो.

माझ्या दुसऱ्या दुकानाची भिंत जुलैत लागली. माल होता, नाव होतं, खिशात रोकड नव्हती. धंदा नफ्याअभावी नंतर मरतो, रोकडीअभावी आधी मरतो.

तुम्ही म्हणाल, ‘सर, आपण हळू गेलो तर समोरचा पुढे जाईल ना?’ जाईल. पहिले पाच किलोमीटर जाईलही. आणि हेही खरं, की धंद्यात कधीकधी जोरात पळावंच लागतं. आंब्याचा हंगाम थांबत नाही, चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. मी वेगाच्या विरोधात नाही. लिडियर्डही नव्हते, पायाभरणीनंतर ते वेगाचा सराव कसून घ्यायचे. पण पाया असलेला माणूस जोर लावून पुन्हा आपल्या चालीवर येतो. पाया नसलेला जोर लावून खाटेवर पडतो.

पुण्याच्या आशिष कासोदेकर यांनी २०२१ च्या अखेरीपासून जानेवारी २०२२ पर्यंत सलग ६० दिवस रोज एक मॅरेथॉन पूर्ण केली. एकूण २,५०० किलोमीटरहून जास्त. मला यात शिकण्यासारखं हे दिसतं: उद्याही धावायचं असेल, तर आज सगळं संपवून चालत नाही.

म्हणून एक गृहपाठ. उद्या सकाळी अर्धा तास. २ मिनिटं धाव, २ मिनिटं चाल. शेवटी ‘अजून जमलं असतं’ असं वाटत असतानाच थांबायचं आणि घरी यायचं. मग वहीत दोन आकडे लिहा: आज किती मिनिटं धावलो आणि उद्यापासून एक रुपयाही विक्री झाली नाही, तर माझा धंदा किती दिवस तग धरेल. दुसरा आकडा बघून पोटात गोळा आला, तर नव्या शाखेचा विचार तूर्त बाजूला ठेवा. दर महिन्याला तो आकडा थोडा वाढवा, रविवारच्या धावेसारखा.

मी आता तलावाच्या फेऱ्या आरामात मारतो. तरुण पोरं मला मागे टाकून जातात. काही जण तिसऱ्या आठवड्यात दिसेनासे होतात. ते आजोबा मात्र रोज दिसतात. मी हात करतो, ते मान हलवतात.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, दमान घ्या.