परवानगीच्या फॉर्मवर भरतीची वेळ का नाही?

एप्रिल सुरू झाला की आपल्या कॅन्टीनमध्ये एकच विषय. परीक्षा संपल्यावर कुठे? बेळगावची मुलं चोर्ला घाटाने गोवा म्हणतात किंवा आंबोली उतरून मालवण, निपाणीची मुलं राधानगरी-फोंड्याच्या रस्त्याने थेट देवगड गाठतात. समुद्र आपल्याला तीन-चार तासांवर आहे. म्हणून तो आपल्याला ओळखीचा वाटतो, पण तसा तो मुळीच ओळखीचा नाही.

15 एप्रिल 2017. बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची सहल मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर गेली होती आणि आठ जण बुडाले. त्या वर्षी तो पवित्र शनिवार होता, दुसऱ्या दिवशी ईस्टर. त्या रात्री चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या पाण्याला आशीर्वाद देतात, तांबडा समुद्र दुभंगल्याचं वाचन होतं. आपल्या गावात त्याच वेळी आठ घरांत काय चाललं असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, 1 फेब्रुवारी 2016 ला, मुरूडला पुण्याच्या कॉलेजचे 14 विद्यार्थी गेले. डिसेंबर 2024 मध्ये मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातल्या शाळेच्या चार मुली. प्रत्येक वेळी शिक्षक सोबत होते. प्रत्येक वेळी नंतर तीच वाक्यं ऐकू आली: पोरं ऐकत नाहीत, सहली बंद करा. मला हे पटत नाही. कॉलेजने सहल बंद केली की चौघं मिळून गाडी ठरवतात आणि घरी 'मित्राकडे अभ्यासाला' सांगून जातात. मग तर सोबत कुणीच नसतं.

खरी अडचण वेगळी आहे. आपण पोहायला शिकतो विहिरीत, नाहीतर वेदगंगेत, मार्कंडेय नदीत. कमरेला डबा बांधून काकांनी ढकललं, हातपाय मारले, आलं पोहायला! पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही आणि नदी एकाच दिशेने वाहते. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात आणि ते पाणी परत जायला एखादी अरुंद वाट शोधतं. ती वाट ओढीची. गंमत बघा, तिथे लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसतं. म्हणजे घाबरट माणूस नेमका तिथेच उतरतो. त्या ओढीविरुद्ध किनाऱ्याकडे पोहायला गेलं तर ऑलिंपिकचा पोहणारासुद्धा दमेल. ती माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. माणूस बुडतो तो झुंजून थकल्यामुळे. म्हणून अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करायचा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर पडून मग परतायचं. हे पाच मिनिटांत शिकवता येतं. मला बारावीपर्यंत कुणी शिकवलं नाही, आणि तुम्हालाही नसणार.

दुसरी गोष्ट मैत्रीची. एक ओढला गेला की दुसरा धावतो, त्याच्या मागे तिसरा. 'भावा, थांब की, आलो!' हे वाक्य फार जवळचं आहे, पण बुडणारा माणूस घाबरून गळ्यालाच मिठी मारतो. त्याच्याकडे काहीतरी तरंगणारं फेकायचं: बॉल, पाण्याचा रिकामा पाच लिटरचा कॅन, दोरी. आणि ओरडून जीवरक्षकाला बोलवायचं, 112 ला फोन लावायचा. हे सगळं भित्रेपणाचं वाटतं, मान्य. (रीलमध्ये तर मुळीच शोभत नाही.)

गोव्यात 2008 पासून दृष्टीचे जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये उतरायचं, नुसता लाल झेंडा असेल तर नाही, इतकं साधं आहे. पण आपल्याला गर्दी नको असते. फोटोत कुणी येऊ नये म्हणून आपण मुद्दाम रिकामा किनारा शोधतो, म्हणजे जिथे हाक ऐकायलाही कुणी नाही. तिथे निदान जाळी विणत बसलेल्या मामांना विचारावं, 'मामा, आज उतरू का?' ते नाही म्हणाले तर नाही. इथे भाषेची अडचण नाही, मालवणी माणूस आपलं मराठी समजतो. अडचण आहे ती आपल्या ऐटीची. आणि पिऊन उतरणाऱ्यांबद्दल तर मी लिहीतच नाही.

सहलीच्या परवानगी-फॉर्मवर आपण काय लिहितो? वडिलांची सही, रक्तगट, व्हेज की नॉनव्हेज. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, आणि हे कोष्टक मोबाईलवर फुकट मिळतं. तरी त्यासाठी एक ओळ नाही. किनाऱ्याचं नाव, तिथे जीवरक्षक आहे का, किती वाजेपर्यंत, भरती-ओहोटी कधी, सोबतच्या शिक्षकांपैकी कुणाला समुद्राची माहिती आहे: चार-पाच रकाने वाढवायला कितीसा कागद लागतो? तारीख ठरवताना आपण फक्त शनिवार-रविवार बघतो.

मंडळाची सहल मे महिन्यात आहे. फॉर्म अजून छापायला गेलेला नाही. सचिवांनी नव्या रकान्यांसह तो छापावा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी वर्गात अर्धा तास द्यावा. ओढीचं चित्र फळ्यावर मी काढते.