पिंजरा उघडण्यापूर्वी

पिंजऱ्यातील पक्ष्याच्या पारतंत्र्याविषयी वर्गात बोलू लागलो की आमच्या वाणीला बहर येतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका तासानंतर सातवीतील एका मुलाने घरी जाऊन ‘लव्हबर्ड’ची जोडी सोडून दिली. दुसऱ्या दिवशी त्याने ते अभिमानाने सांगितले आणि आम्ही त्याची पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी तो रडत आला. एक पक्षी कावळ्यांनी मारला होता, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. मग आम्ही त्या पक्ष्याची माहिती मिळवावयास बसलो. ती आधी मिळविली असती तर!

पहिली चूक नावातच आहे. आपल्याकडे सर्रास लव्हबर्ड म्हणून विकले जातात ते बहुधा बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. हा चिमुकला पोपट ऑस्ट्रेलियाचा. लांबी सुमारे १८ सेंटिमीटर, वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम. तेथील रुक्ष अंतर्भागात पाऊस पडून गवत जिकडे बी धरते, तिकडे याचे थवे जातात. निलगिरीच्या ढोलीत मादी चार ते सहा अंडी घालते व सुमारे १८ दिवस उबविते. रानातला बजरीगर हिरवा-पिवळाच असतो. निळा व पांढरा रंग ही माणसाने केलेल्या पैदाशीची करामत. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० साली जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले. पुढे तो घरोघरी पोहोचला. पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या या जीवाला आपल्या आकाशात ना थवा मिळतो, ना चारा शोधता येतो, ना शत्रू ओळखता येतो.

आपला देशी राघू पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. बजरीगराची गोष्ट निराळी. तो घरात असेल तर त्याला नीट सांभाळणे हीच त्याच्यावरील दया होय. हा थव्याचा पक्षी, म्हणून एकटा ठेवू नये. पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा, म्हणजे पंख हलतील. बसावयास पेरूच्या कमीअधिक जाडीच्या फांद्या द्याव्यात. राळा, वरी यांबरोबर कोथिंबीर, मेथी असावी. चोचीसाठी व चुन्यासाठी समुद्रफेण टांगावा. दाणे खाल्ल्यावर टरफले वाटीतच राहतात. वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी राहतो. म्हणून रोज फुंकर मारून पाहावे. न चिकटणारे तवे फार तापले की त्यांचा धूर याला प्राणघातक ठरतो, तेव्हा पिंजरा स्वयंपाकघरात नको. पिसे फुगवून गप्प बसलेला पक्षी आजारी समजावा. वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावा.

वाचकहो, त्या मुलाची चूक नव्हती. त्याने शिक्षकाचे ऐकले होते. आम्ही वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. त्यापूर्वी कधी विद्यार्थ्याची क्षमा मागितल्याचे आम्हांस आठवत नाही.