कडाक् वाजलं म्हणजे झालं का?

मित्रांनो, आपण होऊ घातलेले इंजिनिअर. यंत्रातून नको तो आवाज आला की आपले कान टवकारतात. गेल्या सुट्टीत तारापूर एमआयडीसीत ट्रेनिंगला होतो, तेव्हा एका पंपातून खडी दळल्यासारखा आवाज यायला लागला, तर ऑपरेटर काका हातातला चहा तसाच ठेवून धावले. सक्शनला प्रेशर कमी पडलं की द्रवाची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात, पुढे जास्त प्रेशरच्या जागी ते कोसळतात आणि इम्पेलरला खड्डे पाडतात. कॅव्हिटेशन! परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. आणि आपल्यातलाच कोणी संध्याकाळी बोईसर स्टेशनबाहेर सलूनमध्ये बसतो, न्हावी दादा हनुवटी धरून मान झटकन फिरवतात, कडाक् असा आवाज येतो, आणि हा डोळे मिटून म्हणतो, "वा! मोकळं वाटलं."

पंपाचा आवाज म्हणजे बिघाड आणि मानेचा आवाज म्हणजे इलाज, हे कुणी ठरवलं?

गंमत म्हणजे दोन्हीकडचं शास्त्र सख्खं भावंडं आहे. सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते (हा शब्द मला आजीने नाही, शब्दकोशाने दिला) आणि मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट वंगण. त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा ताणला की हाडं लगेच सुटत नाहीत, वंगण त्यांना धरून ठेवतं. आतलं प्रेशर पडत जातं आणि एका क्षणी फट उघडते, पोकळी तयार होते. १९४७ साली लंडनमध्ये रॉस्टन आणि हेन्स यांनी बोटं ताणून एक्स-रे काढले तेव्हा ही पोकळी दिसली. पुढे १९७१ मध्ये लीड्सच्या तिघांनी सांगितलं की आवाज पोकळी तयार होताना नाही, तर बुडबुडा कोसळताना येतो. त्या तिघांत एक होते डंकन डाउसन. मेकॅनिकलवाल्यांनो, बेअरिंगमधल्या वंगणाच्या थराच्या सूत्राशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, तेच हे डाउसन! माणसाचा गुडघा आणि बेअरिंग त्यांना एकाच जातीचे वाटत असणार. एकदा वाजलेलं बोट पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटं का लागतात, तेही त्यांनी मोजलं: वायू परत विरघळायला तेवढा वेळ लागतो. मेसच्या रांगेत करून बघा, पुरेसा वेळ मिळतो.

मग २०१५ मध्ये कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात बोटाला दोरी बांधून एमआरआय मशीनमध्येच ते ओढलं. चित्रात दिसलं की आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होते आणि नंतरही तिथेच राहते. म्हणजे १९४७ वाले बरोबर? तोवर २०१८ मध्ये गणिती मॉडेल आलं, की बुडबुडा थोडासा कोसळला तरी तेवढा आवाज निघू शकतो, उरलेला तिथेच दिसत राहील. सत्तर वर्षं हुशार माणसं एका कडाक्‌वरून भांडतायत. मला हे भारी वाटतं.

लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, बोटं मोडलीस तर म्हातारपणी संधिवात होईल. घरी आजी मात्र आमची अलाबला घेऊन स्वतःच्या कानशिलावर धडाधड बोटं मोडायची. जितकी जास्त वाजतील तितकी दृष्ट जास्त लागलेली. आणि शेजारणीच्या नावाने बोटं मोडायची ती वेगळीच! अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड अंगर यांनी तर साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा हात तुलनेसाठी ठेवला. संधिवात कुठल्याच हाताला झाला नाही. २००९ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण बोटांच्या बाबतीत मी तरी निश्चिंत आहे.

माझा वाद आहे तो पाठ आणि मानेवरून. आमच्या मजल्यावर एक 'डॉक्टर' आहे. आहे सिव्हिलला. रात्री जेवण झाल्यावर कोणालाही पालथं पाडून पाठ वाजवतो, मान वाजवतो, आणि जाहीर करतो, "मणका सरकला होता, बसवला." रील्समध्येही हेच. पाठीला माईक लावतात, कडाक् कडाक्, लाखो लाईक्स. पण आवाज मणका जागेवर बसल्याचा नसतोच. मणक्यांच्या मागच्या अंगाला दोन्ही बाजूंनी छोटे छोटे सांधे असतात, बोटासारखेच वंगणवाले, त्यांच्यातला तोच तो बुडबुडा. २००४ मध्ये कॅनडात पाठीवर सेन्सर लावून तपासलं, की तज्ज्ञ ज्या मणक्यावर नेम धरतो तोच वाजतो का. कमरेत नेम सरासरी पाच सेंटिमीटरच्या वर चुकत होता, म्हणजे एका मणक्याच्या उंचीहून जास्त. निम्म्याच्या आसपास नेम लागला. शिकलेल्यांचं हे, तर आमच्या सिव्हिलवाल्याचं काय! आणि २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात कंबरदुखीच्या ज्या पेशंटांत आवाज आला आणि ज्यांच्यात नाही, त्यांच्या बरं होण्यात फरक सापडला नाही.

प्रशिक्षित माणसाच्या हातून कंबरेला थोडा आराम मिळतो, हे मी नाकारत नाही. पण आवाज ही त्याची पावती नव्हे. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. तिथे तर काही वाजतही नाही, तरी लोक उठून चालायला लागतात. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपली आपण जाते, श्रेय त्या पायाला.

मानेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर चढतात आणि सगळ्यात वरच्या मणक्याला वळसा घालतात. झटक्याने मान फिरली की त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, गुठळी होते, लकवा मारतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये लिहिलं की हे क्वचित घडतं, कारण-परिणाम सिद्ध नाही, तरी मान फिरवण्याआधी पेशंटला ही शक्यता सांगावी. न्हावी दादा सांगतात का? २०१७ मध्ये दिल्लीकडे मसाजनंतर मान मोडून घेतलेल्या एका गृहस्थांची श्वासपटलाकडे जाणारी नस दुखावली आणि त्यांना श्वास घेणं जड झालं. दाढी करायला गेलेल्याने एवढी रिस्क का घ्यावी? टॉवेल गुंडाळतानाच सांगावं, "दादा, चंपी चालेल, मान नको."

आणि कुणी मोडून घेतलीच, नि नंतर मानेत किंवा डोक्यात कधी नव्हे अशी कळ आली, चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड, तोल जाणं, यातलं काहीही झालं तर 'झोपलं की बरं वाटेल' म्हणायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी वॉर्डन सरांना उठवायचं, गाडी काढायची, आणि हॉस्पिटलमध्ये पहिलं वाक्य हेच सांगायचं की मान मोडून घेतली होती.