आफ्रिकन कापडाची गोधडी: कात्री लावण्याआधी



जावेच्या मुलीने नैरोबीहून किटेंगेचं सहा यार्ड कापड पाठवलं. रंग इतके सुंदर की मी त्याच दुपारी कापायला बसले. नातीच्या गोधडीत पांढऱ्या मलमलीशेजारी लाल चौकोन शिवले आणि पहिल्याच धुण्यात मलमल गुलाबी झाली. चूक माझीच, कापडाची नव्हे. म्हणून हे लिहिते आहे.

घेतानाच कापड उलटून पाहा. खऱ्या वॅक्स प्रिंटमध्ये दोन्ही बाजूंनी रंग सारखाच गडद असतो. नकलेची पाठ फिकी असते. गंमत म्हणजे ज्याला आपण अस्सल आफ्रिकन म्हणतो ते वॅक्स प्रिंट मुळात जावाच्या बाटिकवरून आलं, आणि त्यासाठी प्रसिद्ध असलेली व्हलिस्को कंपनी १८४६ पासून नेदरलँड्समधल्या हेल्मंडची. पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांनी मात्र त्याला आपलंसं केलं, नक्ष्यांना नावं दिली. तेव्हा ते परकं म्हणून नाक मुरडू नये, असं मला वाटतं.

आपल्या घरात प्रश्न वेगळाच येतो: यात रेशीम आहे का? घानाचं केंटे पूर्वी आयात केलेलं रेशमी कापड उसवून, त्याच्या धाग्यांनी विणत. आज बरंचसं सुती किंवा रेयॉनचं असतं, पण दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. एक धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला तर ते रेशीम (लोकरीचाही असाच येतो), कागदासारखा आला तर सुती किंवा रेयॉन, आणि वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. नायजेरियाच्या अडिरेमध्ये नक्षीसाठी कसाव्याची खळ लावतात, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच. ती नंतर धुऊन काढतात. मला ते चालतं. तुमचं तुम्ही ठरवा.

केंटे सुती निघालं तरी मी ते कापणार नाही. चार-चार इंची पट्ट्या विणून, जोडून कुणीतरी ते पूर्ण वस्त्र केलेलं असतं. आपली पैठणी आपण चौकोनांसाठी कापू का? उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, कवंदी शिवतात ती जुन्या, वापरून झालेल्या कपड्यांची. मला तो हिशेब पटतो.

वॅक्स प्रिंट मात्र खुशाल कापा, पण आधी धुवा. गाळलेल्या कोमट पाण्यात, एकटंच, थोडा साबण घालून. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोनदा, तीनदा. खळ निघाली की कापड मऊ होतं आणि आटायचं तेवढं आटतं. मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का होतो यावर मी विसंबले होते, होत नाही. शेवटी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर पांढऱ्याशेजारी तो तुकडा नकोच. सावलीत वाळवा, किंचित दमट असताना इस्त्री करा.

नात त्या गुलाबी गोधडीतच झोपते. उरलेलं साडेतीन यार्ड कालच तिसऱ्यांदा धुऊन दोरीवर टाकलंय.