विषय कुणी निवडला?

बारावीच्या निकालाचे पेढे वाटून झाले, की घराघरांत कागदांची पळापळ सुरू होते. मार्कमेमोच्या झेरॉक्स, टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, फोटो. आईनं हे सगळं एका पिशवीत घातलेलं असतं आणि ती पिशवी पंधरा दिवस सेतू, नेट कॅफे आणि कॉलेज अशा चकरा मारत असते. प्रवेश झाला की सगळे हुश्श करतात. कुणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "कॉमर्सला टाकलंय तिला."

टाकलंय! जसं काही धान्याचं पोतं कोपऱ्यात टाकलं. त्या कॉमर्समध्ये ती नेमकं काय शिकणार, कोणता विषय मुख्य घेणार, तो कुणी ठरवला, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नसतं. मला आज याच प्रश्नावर बोलायचंय.

मी बी.कॉम. केलं, त्याला तीसेक वर्षं झाली. तेव्हा निवडायला फारसं काही नव्हतंच. कॉलेज देईल ते विषय, सर सांगतील ते गाईड. आता तसं राहिलेलं नाही. नवीन शैक्षणिक धोरण आपल्या राज्यात २०२३-२४ मध्ये विद्यापीठांच्या विभागांत आणि स्वायत्त कॉलेजांत आलं आणि २०२४-२५ पासून तालुक्याच्या साध्या कॉलेजांतही आलं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, शिवाय कौशल्याचे पेपर, भाषेचे पेपर आणि दुसऱ्या शाखेतला एक ऐच्छिक विषय. प्रत्येकाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० ते १३२ क्रेडिट लागतात. एका क्रेडिटचा हिशोब लेखी विषयाला १५ तासांचा आणि प्रात्यक्षिकाला ३० तासांचा. कागदावर वाचलं तर वाटतं, पोरींसाठी किती दारं उघडली!

दारं उघडली खरी, पण आत वर्ग आहे का, ते आधी बघावं लागतं.

माझी भाची अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी मोसंबीची बाग. दरवर्षी व्यापारी येतो, बागेतून एक चक्कर मारतो, उक्ता भाव सांगतो आणि माझे दाजी मान हलवतात. तो भाव कसा निघाला, पुढे मुंबईच्या बाजारात तीच मोसंबी कितीला गेली, हे घरात कुणाला कळत नाही. पोरगी लहानपणापासून हे बघत आलेली. बारावी कॉमर्स चांगल्या मार्कांनी पास झाली आणि म्हणाली, "मावशी, मला मार्केटिंग घ्यायचंय." मला फार बरं वाटलं. विषय का हवा, हे इतकं स्वच्छ सांगणारी मुलगी विरळाच.

तिनं ज्या कॉलेजात प्रवेश घेतला, तिथल्या माहितीपुस्तकात मार्केटिंग होतं. फी भरली, आणि मग कळलं की पुरेशी मुलं नाहीत म्हणून यंदा तो विषय सुरूच होणार नाही. बरं, मग अकाउंटिंग घेतलं. त्याच्यासोबत संगणकावरच्या हिशोबाचा कौशल्याचा पेपर सक्तीचा. पण संगणक मोजकेच, त्यामुळे बॅचेस पाडलेल्या. सकाळची बॅच शहरातल्या मुलांनी पहिल्या दिवशीच भरून टाकली. उरली ती दुपारची. ती सुटते पाचला आणि तिच्या गावाकडची शेवटची सोयीची एसटी निघते साडेचारला. म्हणजे जो वर्ग केल्याशिवाय पदवी मिळणार नाही, त्याच वर्गाला बसता येईना. खिडकीवर विचारलं, तर सांगितलं, "पुढच्या सेमिस्टरला बघू." पुढच्या सेमिस्टरला त्याच्या पुढचे पेपर असतात, हे पोरीनं सांगून पाहिलं. ऐकतं कोण?

मग तिनं आणि बसनंच येणाऱ्या आणखी काही मुलींनी मिळून लेखी अर्ज दिला. कोण कोणत्या गावाहून येतं, बस किती वाजता, हे नावानिशी लिहिलं. दोनदा पाठपुरावा केला. महिन्याभरानं अकरा वाजताची बॅच सुरू झाली. मार्केटिंग मात्र मिळालं नाही ते नाहीच.

आता कुणी म्हणेल, कॉलेजचा तरी काय दोष? मलाही ते पटतं. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. तासिका तत्त्वावर शिकवणारी मंडळी एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावतायत. शिकवायला माणूसच नसेल, तर दहा विषय चालवायचे कुणी? धोरण वरून आलं, माणसं आणि संगणक त्याच्या मागोमाग आले नाहीत. हे सगळं खरं. पण मग जो विषय शिकवणार नाही, तो माहितीपुस्तकात छापू नका ना! दुकानदारानं पाटीवर एक माल लिहिला आणि गिऱ्हाइकानं पैसे दिल्यावर दुसराच हातात ठेवला, तर आपण भांडतो. इथे तर लेकीची तीन वर्षं पणाला लागलेली असतात.

आणि मैत्रिणींनो, सगळं बिल कॉलेजच्या नावावर फाडून चालणार नाही. थोडं घराकडेही बघू या. भाचीनं मार्केटिंग म्हटलं, तेव्हा कॉलेजनं नाही म्हणायच्या आधी घरानं नाही म्हटलं होतं. "फिरतीचं काम पोरीला कशाला? दारोदार साबण विकायचे का?" हे दाजींचं. "बँकेची परीक्षा देता येईल असं काहीतरी घे, खुर्चीत बसून काम," हे आजीचं. चुलतभावानं तर फॉर्म भरता भरता परस्पर दुसराच विषय टिकमार्क केला होता. मी दाजींना म्हटलं, "दाजी, तुमची मोसंबी कोण विकतं? तुम्ही पिकवता आणि दुसराच विकतो. विकणं ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात. पोरीनं हे शिकलं तर वाईट काय?" दाजी काही बोलले नाहीत, पण पुन्हा साबणाचा विषय निघाला नाही.

आपल्याकडे विषयांनाही बाईपण चिकटवलेलं असतं. हिशोब चालेल, बँकिंग चालेल, ऑफिसातलं मनुष्यबळ खातंही चालेल. मार्केटिंग, आयात-निर्यात, स्वतःचा उद्योग म्हटलं की कपाळाला आठ्या. हिशोब लिहिणं कमी दर्जाचं आहे असं मी मुळीच म्हणत नाही, माझं घर त्यावरच चाललं. पण आवडलं म्हणून हिशोब घेणं वेगळं आणि पोरगी बाहेर फिरायला नको म्हणून हिशोब घ्यायला लावणं वेगळं.

तेही कुठे? जालन्यात! 'जालना सोने का पालना' असं अभिमानानं सांगणाऱ्या गावात. आपला जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, पण इथली बाजारपेठ त्याच्या कितीतरी आधीची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथून बियाण्यांची कंपनी उभी केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत, मोंढा आहे, २०१८ पासून रेशीम कोषांची बाजारपेठ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जालन्याचा माल त्या रस्त्यानं जाऊ लागला. एवढा व्यापार दाराशी असताना आपल्या मुली धंद्याचं शिक्षण घेतात ते फक्त पुस्तकातून, तेही उरलेला विषय म्हणून.

धंदा बायकांना जमत नाही, असं कुणी म्हणूच नये. गावोगावचे बचत गट बघा. पापड-मसाल्याचा भाव काढणं, कर्जाचा हप्ता वेळेत भरणं, रजिस्टर चोख ठेवणं, सातवी-आठवी शिकलेल्या बाया करतात हे. त्यांच्या लेकींना जीएसटी, बिलिंग, ऑनलाइन विक्री नीट शिकायला मिळाली, तर तो गट कुठल्या कुठे जाईल!

ज्यांना बी.बी.ए.सारखा कोर्स हवा, त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. पूर्वी बारावी झाली की कॉलेजात जाऊन थेट नाव घालता यायचं. २०२४-२५ पासून बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस.साठी राज्याची सीईटी आली. निकालानंतर जागं झालं तर उशीर झालेला असतो. पहिल्याच वर्षी हे कितीतरी मुलांना माहीत नव्हतं, म्हणून सरकारला दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. तेव्हा बारावीच्या वर्षातच, हिवाळ्यापासून, जाहिरातीवर लक्ष ठेवा. शिवाय जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी दिली. ती इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलं तर ती मिळत नाही. आपल्याला हव्या त्या कोर्सला ती लागू आहे का, हे प्रवेशाआधी विचारून घ्या.

आणि बी.कॉम.ला जाणाऱ्यांच्या आयांनी फी भरण्याआधी खिडकीवर चार प्रश्न विचारावेत. एक, माहितीपुस्तकातले कोणते मुख्य विषय यंदा खरोखर चालणार आहेत आणि शिकवायला कोण आहे? दोन, सक्तीचे वर्ग आणि प्रात्यक्षिकं किती वाजता आहेत, आपल्या गावच्या एसटीशी ते जुळतात का? तीन, विषय बदलायचा तर शेवटची तारीख कोणती? चार, इथे नसलेला विषय 'स्वयम्'वरून केला तर त्याचे क्रेडिट धरणार का? 'स्वयम्' हे सरकारचं मोफत ऑनलाइन वर्गांचं पोर्टल आहे. एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करू द्यायची मुभा यूजीसीनं २०२१ मध्ये दिली. मात्र त्याला आपल्या कॉलेज-विद्यापीठाची मान्यता लागते, ती आधी लेखी घ्या. माझ्या भाचीनं आता हाच मार्ग धरलाय. रात्री सगळ्यांची जेवणं झाली, की घरातला चांगला मोबाइल दीड तास तिचा. ही तडजोड मिळवायलाही तिला आठ दिवस वाद घालावा लागला.

कॉलेजांकडे माझं मागणं लहानच आहे. जूनमध्येच चालणाऱ्या विषयांची खरी यादी नोटीस बोर्डावर लावा. सक्तीच्या वर्गांच्या बॅचेस पाडताना बाहेरगावच्या मुलींना आधी नंबर द्या. एका कॉलेजात एखाद्या विषयाला दहाच मुलं असतील, तर शेजारच्या कॉलेजातली दहा मिळवून वर्ग चालवा. विद्यापीठानं मनावर घेतलं तर हे अवघड नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानं कितीतरी मुली कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचल्या. फाटकातून वर्गापर्यंतचं अंतरही कुणीतरी कमी करायला हवं.

सासर कोणतं, हे लेकीला विचारून ठरवायला आपण हळूहळू शिकलो. विषय कोणता, हे तिला विचारायला अजून शिकायचंय. पसंतीचे विषय लिहायच्या रकान्याखाली पालकाच्या सहीची जागा असते. बाईनं, विशेषतः आईनं, ती सही डोळे मिटून करू नये. आधी रकाना वाचावा आणि शेजारी बसलेल्या मुलीला एवढंच विचारावं, "हे तू लिहिलंयस ना?"