पहिल्या हप्त्याआधीचे अडीच लाख

सध्या पोस्टिंग आसामात, तेजपूरला. परवा आमच्या युनिटमधला साताऱ्याकडचा एक हवालदार फंडातून पैसे काढायचा अर्ज घेऊन आला. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, शैक्षणिक कर्जावर. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असं हा इतकी वर्षं धरून चालला होता.

कागदावर हिशेब मांडला. दरवर्षी पावणेदोन लाख, चार वर्षं, दर 10 टक्के. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. पहिला हप्ता येईतो सात लाखांचे जवळपास साडेनऊ लाख होतात. कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर या काळातलं व्याज भरण्याची केंद्राची योजना आहे. हवालदाराचा पगार त्यात बसत नाही.

‘कर्ज असलं की पोरं जबाबदार होतात,’ असं मेसमध्ये मीही म्हणालोय. माझं स्वतःचं शिक्षण खडकवासल्याला, सरकारी खर्चाने! शिकत असतानाचं व्याज कुणाच्याच डोक्यावर चढू नये, असं आता मला वाटतं.

अर्जावर सही केली. म्हटलं, ‘‘मुलाला आकडा सांगा.’’

‘‘परीक्षा होऊ द्या, साहेब. आत्ता कळलं तर झोपायचा नाही तो.’’

स्वतःच्या झोपेबद्दल तो काही बोलला नाही.